गच्चीवरची पाइपलाइन सारखी त्याच जागी तडकते? पाना उचलायच्या आधी हे बघा

दुकानात माणूस येतो आणि "ताई, पाइप फुटला" म्हणतो. पाइप फुटलेला नसतोच, बहुतेक वेळा फिटिंग (पाइप जोडायचा तुकडा) फुटलेलं असतं, आणि तेही मागच्या होळीला नवीन बसवलेलंच. आमचं सोलापुरात हार्डवेअरचं दुकान आहे, लग्नाआधी चाकणला प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत क्वालिटीत चार वर्षं काढली, त्यामुळे तुटलेलं प्लास्टिक उलटंसुलटं करून बघायची खोड लागलीय ती काही जात नाही. स्वतःच्या गच्चीवरची लाइन मी तीनदा दुरुस्त केली (पहिल्या दोन वेळा चुकीची), शेजारपाजारच्यांच्या किती केल्या ते मोजलं नाही.

तर आधी तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा.

– आतून आटे असलेल्या फिटिंगला, म्हणजे एफटीएला, तोंडापासून उभी चीर. बसवलं तेव्हा एक थेंब नव्हता, दोन-चार महिन्यांनी सकाळी उठून बघावं तर भिंत ओली.
– एल्बो (काटकोनी वळण) किंवा टी (तीन तोंडांचा जोड) सॉकेटच्या, म्हणजे पाइप आत बसतो त्या तोंडाच्या, काठावर गोल तुटलेली, ब्लेडने कापल्यासारखी.
– सोलरची गरम लाइन दोन क्लॅम्पच्या मध्ये पोट सोडून लोंबतेय, किंवा सापासारखी वळवळीत झालीय.
– पाइप एका जागी फुगलाय आणि त्या फुग्यावरच लांब फाटलाय.
– पांढरा पाइप पिवळट-तपकिरी पडलाय, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते, पोरांचा चेंडू लागला तरी कपची उडते.
– फुटलं नाहीये अजून, पण केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसतंय. हे बहुतेक टेप गुंडाळलेली असते, रंग लागलेला असतो किंवा वायर बांधलेली असते तिथेच.
– जोड तुटला नाही, सरळ सॉकेटमधून निसटून हातात आला.

शेवटचं लक्षण असेल तर खाली सोल्यूशनच्या, म्हणजे जोड बसवताना लावतात त्या द्रवाच्या भागावर (क्रमांक ७) थेट जा, बाकीच्यांनी क्रमाने या. क्रम फुकटापासून महागापर्यंत लावलाय, आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन गोष्टींतच बहुतेकांचं काम होतं.

तुटलेला तुकडा कचऱ्यात टाकू नका

प्लंबर पहिली गोष्ट काय करतो, तर फुटलेलं फिटिंग कापून खाली अंगणात फेकतो. आणि सगळी माहिती त्याच्यातच असते. तो तुकडा धुवा, उन्हात धरा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून चीर जिथे उघडते तिथला पृष्ठभाग बघा.

तुटलेल्या कडेला दुधाळ पांढरं झालं असेल, प्लास्टिक थोडं ताणल्यासारखं दिसत असेल, तर तिथे एकदम जोर बसलाय. कोणीतरी पाय दिला, शिडी पडली, पाण्याचा दणका बसला. कड मात्र काचेसारखी गुळगुळीत असेल, पांढरेपणा अजिबात नसेल, आणि आटीच्या खाचेपाशी एक छोटी अर्धचंद्रासारखी खूण दिसत असेल, तर ती चीर हळूहळू, कित्येक दिवस चालत आलीय. पायऱ्या-पायऱ्यांसारख्या बारीक रेघा दिसल्या तर दाब वर-खाली होत राहिलाय, बहुतेक पंपामुळे.

मागे एका गिऱ्हाइकाने पाऊण इंची एफटीए आणून दिला होता, तो अजून माझ्या गल्ल्याशेजारी पडलाय. त्यातल्या चिरेचा आटीजवळचा भाग मातकट तांबूस आहे आणि बाहेरचा भाग स्वच्छ, नवीन पांढरा. म्हणजे चीर आतून सुरू झाली, अर्ध्या जाडीपर्यंत येऊन थांबली, तिच्यात पाण्यातला गाळ बसत राहिला आणि मग शेवटचा उरलेला भाग एका दिवशी फाटला. घरातल्यांना वाटलं काल रात्री फुटला. तो फुटायला लागून महिने झाले होते.

हे का महत्त्वाचं? कारण एकदम जोर बसून तुटलं असेल तर नवीन फिटिंग लावून विषय संपला. हळूहळू तुटलं असेल तर नवीन फिटिंगही तसंच जाणार, कारण त्याला कोणीतरी ताणून धरलंय आणि तो ताण अजून तिथेच आहे.

प्लास्टिक लोखंडासारखं वागत नाही, गुळासारखं वागतं

थोडं विषयांतर, पण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. गुळाच्या ढेपेवर थंडीत बत्ता मारला तर कपचे उडतात, काचेसारखे. तीच ढेप मेमध्ये माळ्यावर ठेवली तर कोणी हात न लावता चार आठवड्यांत पसरून बसते. गूळ तोच. फरक फक्त किती गरम आहे आणि जोर किती घाईने दिला याचा. प्लास्टिकचं तसंच आहे, रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, घाईने ओढलं तर त्यांना सरकायला वेळच मिळत नाही म्हणून खटकन तुटतात, सावकाश ओढत राहिलं तर सरकत जातात आणि पाइप पोट सोडतो. म्हणूनच नवीन पाइपवर किती दाब चालतो हा प्रश्नच अर्धवट आहे, किती दाब, किती गरम पाण्यात आणि किती वर्षं असं विचारायला पाहिजे. एसडीआर ११ चा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट) सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा पाइप २३ अंशांना चौरस सेंटिमीटरवर साधारण २८ किलोचा दाब घेतो आणि ८२ अंशांना साधारण ७ किलोचा. पाइप तोच, ताकद पावपट.

१. पाइपवर काय छापलंय ते वाचा (फुकट)

हसू नका. गरम पाण्याच्या लाइनमध्ये मधला दोन फुटांचा तुकडा यूपीव्हीसीचा (गार पाण्याच्या साध्या पीव्हीसीचा) निघाल्याच्या केसेस मी स्वतः बघितल्यात, कारण त्या दिवशी प्लंबरच्या गोणीत तोच शिल्लक होता. सीपीव्हीसी थोडा पिवळसर-क्रीम असतो आणि त्यावर आयएस १५७७८ छापलेलं असतं. साधा यूपीव्हीसी पांढरा किंवा करडा, त्यावर आयएस ४९८५. नुसत्या रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

साधं पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊच पडतं आणि ताकद त्याच्या कितीतरी आधीपासून उतरायला लागते, ४५ च्या वरच्या पाण्याला ते लावूच नये. सीपीव्हीसीत क्लोरीन जास्त घातलेलं असतं त्यामुळे ते मऊ पडायचा आकडा शंभराच्या पुढे जातो. पाइप फुगून फाटला असेल तर ९० टक्के उत्तर इथेच आहे असं मी डोळे मिटून सांगेन. गरम लाइनमध्ये यूपीव्हीसी निघाला तर तो तुकडा बदला आणि पुढचं वाचायची तशी गरज नाही.

२. आट्यांना काय फासलंय ते बघा (वीस-तीस रुपये)

माझी सगळ्यात लाडकी तपासणी, कारण यात भांडणं होतात.

जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपच्या) जमान्यात आट्यांना सूत गुंडाळून वरून सफेदा फासायची पद्धत होती आणि लोखंडाला ती उत्तमच होती. सफेद्यात जवसाचं तेल असतं. तेच सूत-सफेदा जुने मिस्त्री आजही सीपीव्हीसीच्या आट्यांना लावतात आणि वर पान्याने कचकचून आवळतात. नुसतं तेल लागलं तर सीपीव्हीसीला लगेच काही होत नाही, नुसतं जास्त आवळलं तरी ते काही वर्षं तग धरतं. दोन्ही एकत्र आले की वाट लागते. ताणलेल्या जागी साखळ्यांमध्ये बारीक फट पडलेली असते, तेलाचे कण त्या फटीत शिरतात, साखळ्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात आणि त्या सरकायला लागतात. प्लास्टिक विरघळत नाही, वितळत नाही, वरून चांगलं दिसतं, फक्त आतून उसवत जातं. म्हणून कड गुळगुळीत, काचेसारखी.

घरी बघायचं असेल तर पोरांची जुनी पारदर्शक पट्टी दोन्ही हातांनी जरा वाकवून धरा आणि कोणाला तरी वाकलेल्या बाजूवर नेलपेंट रिमूव्हरचे दोन थेंब टाकायला सांगा. डोळ्यावर चष्मा घाला, तुकडा उडतो. न वाकवता तेच थेंब टाका, नुसता डाग पडेल. फ्रिजच्या आतलं प्लास्टिक तेला-तुपाचे हात लागतात तिथेच कोपऱ्यात चिरतं, ते पण हेच.

नुसता सफेदाच नाही. मी आतापर्यंत पकडलेले आरोपी: ऑइल पेंटचा ओघळ, वाळवीचं औषध मारताना पाइपवर उडालेलं, पाइप पुसायला वापरलेलं रॉकेल, आणि गळती थांबवायला गुंडाळलेली वायरिंगची काळी टेप. या शेवटच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ती टेप मऊ असते कारण तिच्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि सीपीव्हीसीत शिरतं. मऊ प्लास्टिकच्या वायरी पाइपला आवळून बांधलेल्या असतील, त्यांचंही तसंच. म्हणजे गळतंय म्हणून टेप लावली, आणि टेपेशेजारी दुसरी चीर आली.

उपाय: फक्त टेफ्लॉन टेप, तीन-चार वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. दहा वेढे घालू नका, जाड वेढा पाचरीसारखा आतून फिटिंगला फाकवतो. तेल लागलेलं फिटिंग धुऊन परत वापरू नका, आत शिरलेलं तेल साबणाने निघत नाही.

३. किती आवळलंय?

हाताने आवळून जेवढं बसेल तेवढं, वर पान्याने एक ते दोन फेरे. बस.

आमचे एक शेजारी आहेत, रिटायर्ड, अतिशय नीटनेटके. दर रविवारी गच्चीवर जाऊन ते सगळे जोड "जरा जरा" आवळून यायचे. दर तीन महिन्यांनी एक फिटिंग जायचं. काका, गळत नव्हतं तर आवळलं कशाला? तर म्हणे गळू नये म्हणून. प्लास्टिक आवळलं की पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, मग साखळ्या सरकून ताण थोडा सैल होतो आणि कधी कधी एखादा थेंब दिसायला लागतो, तो दिसला की माणूस पाना घेतो, परत ताण चढतो, फिटिंग आणखी ताणलं जातं. दोन-तीन वेळा असं झालं की आटीच्या खाचेत चीर सुरू होते. गळतंय म्हणून आवळलं आणि आवळलं म्हणून फुटलं. थेंब आला तर आवळू नका, खोला, जुनी टेप साफ करा, नवीन टेप लावून परत बसवा.

आणि एक नियम पाठ करा, प्लास्टिकच्या आतल्या आट्यांमध्ये लोखंडी किंवा पितळी निपल (बाहेरून आटे असलेला नळीचा तुकडा) घालू नका. धातू दबत नाही, सगळा ताण प्लास्टिकच्या वाट्याला येतो आणि तोही बाहेर फाकवणारा. जिथे धातूला जोडायचंय तिथे पितळी आटे बसवलेलं फिटिंग घ्या, थोडं महाग पडतं, किंवा उलटं करा, प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आत जाऊ द्या. काकांकडे तीन जागी पितळी इन्सर्टवाले बसवले आणि पाना मी दुकानात आणून ठेवला. खोटं नाही सांगत, अजून परत मागितला नाही त्यांनी.

४. सकाळ-दुपारची खूण (एक मार्कर पेन)

एल्बो सॉकेटच्या काठावर गोल तुटत असेल किंवा पाइप वळवळत असेल तर हे करा. सकाळी सहाला, पाइप गार असताना, प्रत्येक क्लॅम्पच्या काठाशी पाइपवर मार्करने रेघ मारा. दुपारी दोनला, सोलरचं गरम पाणी पाच मिनिटं सोडून, परत बघा. रेघ सरकलेली दिसली पाहिजे. सरकली नसेल तर तो क्लॅम्प पाइपला जखडून बसलाय, आणि पाइपला जायला जागा नाही म्हणून तो सगळा जोर एल्बोवर काढतोय.

हिशोब सोपा आहे. सीपीव्हीसी एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०६५ मिलिमीटर वाढतो. ८ मीटरची लाइन, सकाळी २५ अंश, दुपारी आत ७५ अंशांचं पाणी, म्हणजे ५० अंशांचा फरक, म्हणजे २६ मिलिमीटर. एक इंच! जीआय तेवढ्याच लांबीत पाच मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. जुन्या मिस्त्रीचा हात जीआयवर बसलेला असतो, तो दोन्ही टोकांना क्लॅम्प ठोकून, भिंतीतून जाताना भोवती सिमेंट गच्च भरून मोकळा होतो. मग रोज सकाळ-दुपार तो एल्बो एक इंच इकडे एक इंच तिकडे वाकतो. लोखंडी तारही अशी वाकवत राहिलं की तुटते, हे तर प्लास्टिक.

काय करायचं: क्लॅम्प असे घ्या की पाइप आत सरकेल, पाइपला चावणारे नकोत. भिंतीतून जाताना मोठ्या पाइपचा तुकडा बाहीसारखा घाला आणि मोकळा सोडा. लांब सरळ लाइन असेल तर मध्ये चार एल्बोंचा चौकोनी वळसा द्या, म्हणजे वाढ त्या वळशात जिरते. वळसा केवढा हवा ते पाइपच्या मापावर आणि लांबीवर ठरतं, प्लंबरला त्याचा तक्ता बघायला लावा, अंदाजपंचे नको. आणि एक इंचापर्यंतच्या आडव्या पाइपला दर तीन फुटांवर आधार, गरम लाइन असेल तर अडीच फुटांवर. लोंबलेला पाइप नवीन क्लॅम्प लावून वर ओढून सरळ करायचा मोह होतो, करू नका. तो त्या आकारात बसलेला असतो, जबरदस्तीने सरळ केला तर परत ताणच भरता त्याच्यात. बदला.

५. ऊन

सोलापूरचं ऊन काय सांगू, ४३-४४ अंश म्हणजे आमच्याकडे बातमी पण नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पीव्हीसीतलं क्लोरीन सुटायला लागतं आणि उरलेल्या साखळीला पिवळा-तपकिरी रंग येतो, खडूसारखी भुकटी म्हणजे वरचं प्लास्टिक झिजून उघडा पडलेला भरणा, पाइप बनवताना प्लास्टिकमध्ये मिसळलेली पूड. गंमत अशी की हे सगळं वरच्या अगदी पातळ थरात होतं, आतला पाइप चांगला असतो, दाब पण बऱ्यापैकी घेतो. पण वरचा थर ठिसूळ झाला की त्यात बारीक चिरा पडतात, आणि धक्का बसला की ती चीर वरच्या थरात न थांबता आतल्या चांगल्या प्लास्टिकमध्ये पण धावत जाते. काचवाला हिऱ्याने रेघ मारून काच तोडतो तसं. म्हणून चेंडू लागला तरी कपची.

नवीन पाइपला पाण्यात मिसळायचा पांढरा ॲक्रिलिक रंग दोन हात मारा, ऑइल पेंट नाही (वर क्रमांक दोन). पिवळा पडून भुकटी सुटलेल्या पाइपला रंग मारून तो बरा होत नाही, फक्त शेजारी काय म्हणतील तेवढा प्रश्न सुटतो. शेतातली ठिबकची नळी आणि काळी टाकी उन्हात का टिकते, तर तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते, ती किरणं वरच्या वर गिळते.

टाकीबद्दल दोन शब्द

टाकी वेगळ्या प्लास्टिकची, पॉलिथिलीनची, पण रडगाणं तेच. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती दोन फरशांच्या तुकड्यांवर, मध्ये पोकळ ठेवली तर तळ हळूहळू बसत जातो आणि कडेला चीर येते, तळ पूर्ण, सपाट, सगळीकडून टेकलेला पाहिजे. आणि टाकी धुताना डिटर्जंट भरून रात्रभर ठेवू नका. ताणलेल्या पॉलिथिलीनला साबण म्हणजे सीपीव्हीसीला सफेदा, प्लास्टिकच्या कारखान्यांत या प्लास्टिकची परीक्षाच वाकवलेल्या पट्ट्या साबणासारख्या द्रावणात बुडवून घेतात. ब्रशने घासा, लगेच चांगलं खळबळून टाका. चीर पडलीच तर कुठलंही सोल्यूशन किंवा पुटी तिच्यावर धरत नाही, पॉलिथिलीनला काही चिकटतच नाही. गरम हवेने त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करणारे असतात त्यांना बोलवा.

६. दाब मोजा (दोन-तीनशेचं गेज)

टाकी दहा मीटर उंच असेल तर खाली साधारण एक किलोचा दाब येतो, एवढ्याने काही फुटत नाही. म्हणजे फुटत असेल तर दाब दुसरीकडून येतोय. प्रेशर पंप असेल तर गेज लावून बघा, तो किती वेळा चालू-बंद होतो ते पण मोजा. कोणी नळ उघडला नसताना दर दोन मिनिटांनी पंप खाकरत असेल तर कुठेतरी गळतंय आणि प्रत्येक खाकरण्याला सगळे जोड एकेकदा ताणले जातायत.

दुसरा आरोपी पाण्याचा दणका. सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम अडवलं तर प्लास्टिकच्या लाइनमध्ये क्षणभर सहा-सात किलोचा जादा दाब बसू शकतो. लोखंडात याहून जास्त बसतो, प्लास्टिक थोडं फुगून झेलतं, पण रोज शंभरदा झेललं की थकतं. आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, चार-चार दिवस लाइन रिकामी, आली की आधी हवा मग पाणी, नळ फुरफुरतात, पाइप धडधडतात. मेन कॉक हळू उघडा, आधी वरचा एक नळ उघडा ठेवून हवा जाऊ द्या. फुकटचा उपाय आहे पण पाण्याच्या दिवशी कोणाला धीर असतो!

७. सोल्यूशनचा जोड कापून बघणं

इथे एक फिटिंग बळी द्यावं लागतं. निसटलेला किंवा गळका जोड हॅक्सॉने उभा चिरा. आत कोरडे पट्टे दिसले तर सोल्यूशन नीट लागलं नव्हतं किंवा पाइप तळापर्यंत बसला नव्हता. उलट आत गोठलेला गोळा असेल तर सोल्यूशन जास्त झालंय, आणि ते जास्त वाईट, कारण ते सोल्यूशन म्हणजे गोंद नाही, ते प्लास्टिक मऊ करून एकजीव करतं, आत साचलेलं डबकं पाइपची भिंत मऊ करत राहतं. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्यूशन, डब्याची तारीख बघा, घट्ट झालेलं फेका, थिनर घालून पातळ करू नका. वास डोक्यात जातो आणि पेट घेतं, तेव्हा बाथरूममध्ये दार लावून काम नको, जवळ विडी-काडी नको. सुकायला डब्यावर दिलाय तेवढा वेळ, जमलं तर पूर्ण दिवस द्या. पाणी चार दिवसांनी येणार म्हणून दुसऱ्या तासाला कॉक उघडणाऱ्यांचेच जोड माझ्याकडे परत येतात.

इथे थांबा, माणूस बोलवा

सोलरच्या टाकीतून वाफ येत असेल, किंवा तिचा वरचा हवेचा पाइप बंद झालाय अशी शंका असेल, तर हात लावू नका. मेच्या सुट्टीत सगळे गावाला गेले आणि गरम पाणी वापरलंच गेलं नाही की आत उकळीच्या जवळ जातं, त्या वेळी जोड खोलणं म्हणजे तोंडावर भाजून घेणं. सोलरवाल्याला बोलवा, आणि सोलरच्या टाकीजवळचा पहिला मीटरभर धातूचा पाइप टाकायला सांगा, मी तरी तसाच घालते.

गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर तो बंद करून किंवा त्याला बूच मारून पाइप वाचवायचा प्रयत्न कधीच नको. व्हॉल्व्ह गळतोय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, वीज बंद करा आणि टेक्निशियन बोलवा.

भिंतीच्या आतली लाइन, स्लॅबमधून ओल, विजेच्या बोर्डाजवळची ओल, हे घरच्या घरी करायचं काम नाही. गॅसच्या पाइपला तर वरचं काहीच लागू करू नका, गॅस कंपनीला फोन.

दुरुस्तीनंतर लाइन तपासायची ती पाण्यानेच. कोणी कॉम्प्रेसरची हवा भरून "टेस्ट करू" म्हणाला तर त्याला गच्चीवरून खाली पाठवा. पाणी दबत नाही म्हणून फुटलं तर नुसतं शिंतडतं. दाबलेल्या हवेने पीव्हीसी फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात.

आणि एकाच लाइनवर वर्षात तिसरी चीर आली, तीही वेगवेगळ्या जागी, तर आता फिटिंग बदलत बसू नका, पूर्ण लाइन बदलून घ्या आणि ती नव्याने आखून घ्या, क्लॅम्प आणि वळशासकट.

प्लंबरला किंवा दुकानदाराला विचारायला जाताना तुटलेला तुकडा धुऊन, कोरडा करून पिशवीत न्या. फोटोच पाठवायचा असेल तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, उजेड तिरका पडू द्या, आणि तुकड्याची कुठली बाजू गरम पाण्याकडे होती ते त्याच्यावरच पेनने लिहून ठेवा.